हरीण की बोकड? रोमन नाण्यावरचं जनावर ओळखताना

‘या रोमन नाण्यावर हरीण आहे की बोकड?’ धूसर फोटोसोबत हा प्रश्न हमखास येतो. जनावर राहू द्या; आधी अक्षरं वाचा.

असं नाणं बहुधा गॅलिएनस या सम्राटाचं निघतं. इ.स. 267-268 च्या सुमारास रोमच्या टाकसाळीत पाडलेलं, जेमतेम 20 मिलिमीटरचं, चांदी नावापुरती. गॉल (आजच्या फ्रान्सकडचा प्रांत) साम्राज्यातून फुटून निघालेला, सीमेवर टोळ्यांचे हल्ले. सम्राटानं एकेका देवाला साकडं घातलं आणि नाण्यावर देवाऐवजी त्याचं जनावर आलं. नाण्यावर कोरलेल्या लेखात आधी देवाचं नाव, मग ‘कॉन्स ऑग’, म्हणजे ‘सम्राटाच्या रक्षणकर्त्या अमुक देवाला’. ‘योवी’ (देवांचा राजा ज्युपिटर) दिसलं की शेळी, कारण तान्ह्या ज्युपिटरला शेळीनं पाजलं. ‘लिबेरो’ला (मद्याचा देव लिबेर) चित्त्यासारखं श्वापद. ‘डायानाए’ (शिकारीची देवी डायाना) म्हणजे हरणाच्या जातीतलं काहीतरी, आणि खरा घोळ इथेच.

आपण सगळ्यालाच हरीण म्हणतो. पण काळवीट आणि सांबर डोळ्यांसमोर आणा: एकाची शिंगं बिनफाट्यांची, दुसऱ्याची फाटे फुटलेली. डायानाच्या नाण्यांवर दोन्ही जाती आहेत, शिवाय मागे वळून बघणारी बिनशिंगांची हरिणीही. त्यामुळे शिंगं झिजली की अंदाज कोसळतो.

लेख बऱ्याचदा अर्धाच सापडतो, कारण चकती ठशापेक्षा लहान असते. मग जनावराच्या पायाखालची जागा भिंगातून बघा. तिथे टाकसाळीतल्या विभागाचा क्रमांक असतो, आणि विभागागणिक चित्रं ठरलेली. ग्रीक गॅमा (तिसरा) असेल तर काळविटासारखं जनावर, डेल्टाला (चौथा) ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या डोक्याचा पंखधारी सिंह, झीटाला (सातवा) सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा. नववा मात्र चक्रावून टाकतो: तिथे ग्रीक थीटा हवा, आहे लॅटिन ‘एन’, म्हणजे ‘नोना’, नववी. थीटा मृत्यूच्या ग्रीक शब्दाचं आद्याक्षर, म्हणून टाळला असं मानतात. ‘एन’वर समुद्रदेव नेपच्यूनचा माशाच्या शेपटीचा घोडा येतो. दहापासून सरळ रोमन आकडे.

248 मध्ये रोमच्या सहस्राब्दीला सम्राट पहिल्या फिलिपनं काढलेली नाणी याहून सोपी. लेख ‘साएकुलारेस ऑग’, जनावरं उत्सवातल्या खेळांची, आकडे रोमन: एकला सिंह, दोनला रोमचे संस्थापक मानलेल्या रोम्युलस-रीमस या जुळ्यांना पाजणारी लांडगी, चारला पाणघोडा, तोही सम्राज्ञी ओटासिलियाच्या नाण्यावर.

ओळख पटत नाही म्हणून चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावू नका. गॅलिएनसच्या नाण्यावर चांदीचा पातळ मुलामा असतो. आम्लानं तो जातो, खालचं तांबं उघडं पडतं आणि पायाखालचं ते एक अक्षरही बुजतं. डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रशनं माती काढा. फोटो एका बाजूनं तिरप्या उजेडात घ्या, फ्लॅश बंद ठेवून.