नराची ढाल आणि पातळ गोळी

टेक्सासमधल्या शेतावर आज रानडुकरं सोलताना पुन्हा तेच दिसलं. थोराड नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेसारखा थर असतो, हीच त्याची ढाल. पॉइंट २२३ या हलक्या रायफल काडतुसाची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), कोल्ह्यांसाठीची पातळ आवरणाची गोळी त्यातच फुटलेली: तांब्याचे कपटे वरच्या वर, फुप्फुसं शाबूत. त्याहून जड पॉइंट ३०८ची १५० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (टोकाचं शिसं उघडं, लागल्यावर फुलणारी) मात्र दोन्ही खांदे मोडून पार. २२३च वापरायची तर ६२-६४ ग्रेनची बॉन्डेड, म्हणजे शिसं आवरणाला घट्ट जोडलेली गोळी घ्या. पूर्ण धातूच्या आवरणाची स्वस्त म्हणून भरू नका; ती फुलत नाही, आरपार जाऊन मागचं डुक्करही घायाळ करते.

नेम हरणासारखा खांद्यामागे धरला की गोळी पोटात. डुकराचं हृदय खाली आणि पुढे असतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात मारा. चुकलं तर मागही लागत नाही: चरबी भोक बुजवते, रक्त केसांत मुरतं. मग बसा मेस्कीटच्या काटेरी झुडपांत शोधत!

एआर-१५ धाटणीच्या रायफलवर स्कोप (दुर्बीण) नळीच्या अडीच इंच वर असतो. १०० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथं नेम जुळवलेली रायफल २५ यार्डांवर दीडेक इंच खाली लागते. कानामागे नेम धरताना एवढ्यानं खेळ बिघडतो.

आणि हातमोजे घालूनच सोला, डुकरापासून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिस या आजाराचा धोका खरा आहे. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवा.