मायकेल व्हॉस यांचे चार हंगाम आणि कार्लटनचे पुढचे वर्ष

२१ ऑगस्ट २०२२ रोजी, रविवारी दुपारी, मी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बसून कार्लटन आणि कॉलिंगवूड या क्लबांमधला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना पाहत होतो. साखळीतला तो शेवटचा सामना होता आणि बाद फेरीसाठी पहिल्या आठांत राहायला कार्लटनला नुसती बरोबरीदेखील पुरली असती. शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा आघाडी चांगली भक्कम होती. ती एकेका गोलाने झिजत गेली, जेमी एलियटने कॉलिंगवूडला पुढे नेले आणि भोंगा वाजला तेव्हा कार्लटन एका गुणाने हरले होते. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी गळ्यातला गडद निळा मफलर काढला, त्याच्या सावकाश चार घड्या केल्या आणि तो मांडीवर ठेवून ते रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे पाहत राहिले. निघताना ते एवढेच म्हणाले की, ही मुले चेंडू जिंकतात, पण जिंकल्यावर त्याचे काय करायचे हे त्यांना कळत नाही.

त्यानंतर तीन हंगाम उलटले आहेत आणि २०२६चा तोंडावर आला आहे. या हंगामाच्या अखेरीस कार्लटनचे प्रशिक्षक मायकेल व्हॉस यांचा करार संपतो, त्यामुळे मेलबर्नमध्ये ‘फुटी’विषयी, म्हणजे या फुटबॉलविषयी, बोलणारा प्रत्येक जण त्यांच्याविषयी काही ना काही मत बाळगून आहे. माझे मत त्या गृहस्थांच्या वाक्यापासून फार दूर गेलेले नाही.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी थोडा खुलासा करतो. हा खेळ क्रिकेटच्या मैदानावर, लंबगोल चेंडूने, प्रत्येकी अठरा खेळाडूंनिशी चार क्वार्टर खेळला जातो. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हातात धरून धावता येते, मात्र ठरावीक अंतरावर तो जमिनीवर आपटावा लागतो. सहकाऱ्याला द्यायचा तर लाथेने किंवा मुठीने, फेकून नाही. प्रत्येक गोलानंतर पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू वर उडवतात आणि तिथल्या झोंबाझोंबीतून जो संघ तो बाहेर काढतो, त्याच्याकडे हल्ल्याची सूत्रे जातात. ही झोंबाझोंबी कार्लटनचे सामर्थ्य आहे. कप्तान पॅट्रिक क्रिप्स या बाबतीत आजच्या काळातला अव्वल खेळाडू आहे. साखळीतल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्याने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, ४५ मतांच्या विक्रमासह, मिळवले.

क्रिप्सचा जन्म मार्च १९९५चा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कार्लटनने जीलाँगला ६१ गुणांनी हरवून सोळावे विजेतेपद जिंकले आणि ते आजवरचे शेवटचे ठरले. संपूर्ण हंगामात केवळ दोन सामने हरलेला तो संघ ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात कार्लटन म्हणजे जिंकणारा क्लब हे समीकरण पक्के बसले आहे, आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच चुकांचे मूळ त्या समीकरणात आहे. २००२ मध्ये वेतनमर्यादा मोडल्याबद्दल क्लबला जबर दंड झाला, ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतल्या, मोलाच्या निवडी गेल्या आणि त्याच वर्षी इतिहासात प्रथमच संघ तळाला गेला. २००५, २००६, २०१५ आणि २०१८ मध्ये तो पुन्हा तिथेच होता. दरम्यान ब्रिटन, पेगन, रॅटन, मॉल्टहाउस, बोल्टन आणि टीग हे प्रशिक्षक आले आणि गेले. यांतले मॉल्टहाउस आणि पेगन अन्यत्र विजेतेपदे मिळवून आलेले होते. प्रत्येक वेळी माणूस बदलला की घडी बसेल असे क्लबने मानले, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला आधीच्याचा अर्धवट बांधलेला संघ मिळाला.

व्हॉस यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. चार वर्षांत साखळीचे ९१ सामने झाले. त्यांत ४७ विजय, ४३ पराभव आणि एक बरोबरी. निम्म्याहून किंचित अधिक विजय, एवढाच याचा अर्थ. पण हे सामने ज्या क्रमाने घडले, त्या क्रमात खरी गोष्ट दडली आहे.

२०२२ मध्ये पहिल्या दहांपैकी आठ सामने जिंकलेला संघ शेवटचे चारही सामने हरून नवव्या स्थानावर घसरला. २०२३ मध्ये उलटे घडले. तेरा सामन्यांनंतर चार विजय, आठ पराभव आणि एक बरोबरी अशी अवस्था होती, प्रशिक्षकाला हाकलण्याच्या मागण्या उघडपणे होत होत्या, आणि तिथून संघाने सलग नऊ सामने जिंकले. त्या काळात व्हॉस यांनी खेळाडूंना जे सांगितले असेल ते असो. मैदानावर दिसत होते ते असे की, चेंडू मिळाल्यावर दोन-तीन खेळाडू आधीच मोकळ्या जागेकडे धावत सुटलेले असत आणि गोलवीर चार्ली कर्नोकडे चेंडू वेगाने पोहोचत असे. सिडनीला सहा गुणांनी, मग मेलबर्न क्लबला ब्लेक एकर्सच्या अखेरच्या मिनिटातल्या गोलाच्या जोरावर दोन गुणांनी हरवून संघ उपांत्य लढतीत गेला आणि ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर पहिले पाच गोल ठोकूनही १६ गुणांनी हरला. तरीही ते आठवडे मी विसरणार नाही. आमच्या भागातल्या शनिवारच्या ऑसकिक वर्गात, म्हणजे लहान मुलांच्या फुटी वर्गात, जिथे तोवर प्रत्येक मूल वडिलांच्या आवडीचा क्लब मिरवत असे, तिथे अचानक गडद निळ्या बनियनांची गर्दी झाली आणि तीत चार-पाच मराठी घरांतली मुलेही होती.

२०२४च्या मध्याला संघ दुसऱ्या स्थानावर होता. नंतर दुखापतींची रांग लागली, पराभवांमागून पराभव आले, आठवे स्थान कसेबसे मिळाले आणि बाद फेरीत पुन्हा गॅबावर ब्रिस्बेनने पहिले नऊ गोल एकतर्फी केले. धावफलकावर ६०-० असे दिसत असताना सामना पुढे पाहणे कठीण होते. दुखापतींचे कारण खोटे नव्हते. परंतु २०२५च्या पहिल्याच सामन्यात, आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या रिचमंडविरुद्ध ४१ गुणांची आघाडी घेऊन संघ १३ गुणांनी हरला, तेव्हा केवळ दुखापतींकडे बोट दाखवणे मला पटेनासे झाले. त्या वर्षी पहिल्या अर्धात तोडीस तोड खेळायचे आणि दुसऱ्या अर्धात कोसळायचे, असे इतक्यांदा घडले की तो योगायोग मानता येत नाही. अखेर नऊ विजय, चौदा पराभव आणि अकरावे स्थान.

असे का होते, याचे माझे उत्तर साधे आहे. झोंबाझोंबीत चेंडू जिंकण्यात शरीराची प्रचंड झीज होते. त्यानंतर तो पुढे नेण्याचा मार्ग मोकळा आणि वेगवान असेल तर ती झीज वसूल होते. नाहीतर चेंडू उंच आणि घाईने पुढे ढकलला जातो, प्रतिस्पर्ध्यांचा बचाव तो अलगद झेलतो, आणि मग त्याच दमलेल्या माणसांना उलट्या दिशेने धावावे लागते. दोन क्वार्टर हे निभते, चार निभत नाही. व्हॉस स्वतः याच प्रकारचे खेळाडू होते: २००१ ते २००३ या सलग तीन वर्षांत ब्रिस्बेनला विजेतेपद मिळवून देणारा, धडक मारून चेंडू काढणारा कप्तान. आपल्याला जे उत्तम येत होते त्याच्याभोवती त्यांनी संघ उभा केला. त्यात गैर काही नाही. परंतु चार वर्षांनंतरही दुसरी बाजू कच्ची राहिली असेल तर ती जबाबदारी प्रशिक्षकाचीच आहे, आणि इथे मी त्यांची पाठराखण करू शकत नाही.

त्यांच्या आयुष्यातला एक जुना धडा मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये, ब्रिस्बेनचे प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी, त्यांनी बाद फेरीत याच कार्लटनला सात गुणांनी हरवले होते. विजेतेपद आता हाकेच्या अंतरावर आहे असे समजून त्यांनी कार्लटनचाच गोलवीर ब्रेंडन फेवोला याला आणले. तो प्रयोग एका हंगामात फसला, संघाची घसरण झाली आणि २०१३ मध्ये व्हॉस यांना जावे लागले. पुढे पोर्ट ॲडलेडमध्ये सात वर्षे साहाय्यक म्हणून काम करून ते परतले, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

आता कार्लटनमधून गोलवीर गेला आहे. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वाधिक गोलांचे कोलमन पदक जिंकणारा कर्नो सिडनीला गेला. टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्वाग्नी सेंट किल्डाला गेले. सर्जिओ, स्टीफन आणि जॅक अशा तीन पिढ्या ज्या घराण्याने कार्लटनला दिल्या, त्याचे नाव आता दुसऱ्या क्लबच्या यादीत वाचावे लागणार, याचे दुःख जुन्या चाहत्यांना कर्नोच्या जाण्याइतकेच आहे. बदल्यात सिडनीकडून विल हेवर्ड आणि ऑली फ्लोरेंट आले, गोल्ड कोस्टहून बेन एन्सवर्थ आला आणि पहिल्या फेरीतल्या निवडी मिळाल्या. १९९५च्या विजेत्या संघातल्या पीटर डीन यांचा मुलगा हॅरी पिता-पुत्र नियमाने, म्हणजे माजी खेळाडूच्या मुलावर त्या क्लबला मिळणाऱ्या अग्रहक्काने, दाखल झाला. २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला आणि गुडघ्याच्या दुखापतीने पुढचा अख्खा हंगाम मुकलेला जॅगा स्मिथही आता खेळण्यास सिद्ध होत आहे.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. आलेले खेळाडू धावणारे, चेंडू नेमका देणारे आणि छोट्या जागेत गोल करणारे आहेत, म्हणजे ज्यांची उणीव होती तेच. मोठ्या गोलवीराच्या डोक्यावर चेंडू टाकण्याची पळवाट आता बंद झाली आहे. हॅरी मॅके आहे, पण त्याच्या एकट्यावर हल्ला उभा राहणार नाही. त्यामुळे व्हॉस यांना खेळाची पद्धत बदलावीच लागेल, आणि ती बदलली तर सुरुवातीचे काही महिने पराभव येतील. माझा अंदाज आठ ते दहा विजयांचा आहे. नव्या नियमाने दहाव्या क्रमांकापर्यंतच्या संघांना बाद फेरीची संधी मिळणार असल्याने एखादा सामना इकडचा तिकडे झाला तर कार्लटन तिथे पोहोचूही शकेल, पण तेवढ्यावरून करार वाढवणे मला चुकीचे वाटेल. त्याचप्रमाणे संघ तेराव्या स्थानावर राहूनही चौथ्या क्वार्टरमध्ये धावत असेल, स्मिथ आणि डीन दर आठवड्याला खेळत असतील, तर केवळ तालिका पाहून आणखी एक प्रशिक्षक घालवणे ही सातवी चूक ठरेल.

मी मार्चमध्ये पुन्हा वरच्या मजल्याचे तिकीट काढणार आहे, कारण मोकळ्या जागेकडे कोण धावते हे तिथूनच दिसते. मध्यंतरानंतर क्रिप्सने पहिला चेंडू बाहेर काढला की मी त्याच्याकडे नव्हे, त्याच्या पुढच्या पन्नास मीटरकडे पाहणार आहे.