काचेपलीकडची आई

मायामीच्या काये ओचोवर, म्हणजे आठव्या रस्त्यावर, कॉफी उभ्याउभ्याच प्यायची. हॉटेलच्या भिंतीला एक खिडकी असते, तिला 'व्हेंतानिता' म्हणतात. तिथे 'कोलादा' मागितली की एका पेल्यात दाट कडक कॉफी आणि सोबत अंगठ्याएवढे चार-पाच रिकामे प्लास्टिकचे पेले मिळतात. कॉफीचे पहिले थेंब साखरेत घोटून वर आणलेला फेस पाहून मला घरची फेटलेली कॉफी आठवली. १९७१ पासून चालू असलेल्या 'व्हर्साय' या क्युबन हॉटेलच्या खिडकीपाशी मी एकटीच कोलादा घेऊन उभी होते. शेजारच्या आजोबांना ते बघवेना. कोलादा वाटूनच प्यायची असते, असं सांगून त्यांनी एक छोटा पेला हक्काने पुढे केला. ओळख झाली ती अशी.

आजोबा १९६२ च्या उन्हाळ्यात क्युबाच्या राजधानीतून, हवानाहून इथे आले, तेव्हा दहा वर्षांचे होते. एकटेच आले. विमानातून उतरल्यावर जॉर्ज नावाच्या माणसाला शोध, एवढंच त्यांना पढवून पाठवलं होतं.

'ऑपरेशन पेद्रो पॅन'बद्दल मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि त्यातल्या एका मुलाबरोबर, आता सत्तरी ओलांडलेल्या, कॉफी पिणं वेगळं. फिडेल कॅस्ट्रोच्या क्रांतीनंतर क्युबातल्या खाजगी कॅथलिक शाळा बंद झाल्या. मुलांवरचा आईबापांचा हक्कच सरकार काढून घेणार, अशी आवई उठली. घाबरलेल्या आईबापांनी मुलं पुढे पाठवली, मागून आपण येऊच या भरवशावर. फादर ब्रायन वॉल्श हा तिशीतला आयरिश धर्मगुरू आणि मायामीतली त्याची कॅथलिक वेल्फेअर ब्युरो ही संस्था इकडे मुलांना उतरवून घ्यायची. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात अशी १४,०४८ मुलं आली. मग क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच उभा राहिला, विमानं थांबली, आणि आईबाप तिकडेच अडकले.

हवानाच्या विमानतळावर निघणाऱ्यांसाठी काचेची खोली होती. लोक तिला 'पेसेरा' म्हणत, माशांची काचपेटी. पलीकडून आई काचेवर बोटाने काहीतरी लिहीत होती, आजोबा सांगत होते. पण आतून अक्षरं उलटी दिसत होती, आणि ती लागेपर्यंत रांग पुढे सरकली. आईबाप १९६६ मध्ये 'फ्रीडम फ्लाइट'ने, म्हणजे क्युबन निर्वासितांना अमेरिकेत आणणाऱ्या विमानाने आले. तोवर उत्तरेतल्या एका अनाथाश्रमात राहून मुलाचं स्पॅनिश अडखळू लागलं होतं. काय लिहिलं होतं ते त्यांनी आईला विचारलं. तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फ्रीडम टॉवर पाहिला. सेव्हिलच्या हिराल्दा मनोऱ्यावर बेतलेली ही पिवळसर इमारत १९२५ साली एका वर्तमानपत्रासाठी बांधलेली. १९६२ ते १९७४ इथे निर्वासितांची नोंदणी चाले, डॉक्टर तपासत, चीज आणि दुधाची पावडर मिळे. क्युबन माणसं तिला नुसतं 'एल रेफुहिओ' म्हणतात, आसरा. पण सगळ्यांच्या वाट्याला सारखंच स्वागत आलं नाही, हेही सांगायला हवं. १९८० मध्ये मारिएल बंदरातून बोटींनी सव्वा लाख माणसं आली, तेव्हा आधी आलेल्यांतल्याही अनेकांनी त्यांच्याकडे संशयानेच पाहिलं. 'मारिएलितो' ही जणू शिवीच झाली. पुढे १९९४ मध्ये ट्यूब आणि फळ्या बांधून समुद्रात उतरलेले 'बाल्सेरो' आले. मला वाटतं, पेद्रो पॅनच्या मुलांइतक्याच मायेने त्यांचीही आठवण ठेवायला हवी.

आजोबांनी बजावलं होतं, म्हणून निघण्याआधी एर्मिता दे ला कारिदादला गेले. बिस्केन उपसागराच्या काठावरचं हे शंकूसारखं देऊळ (मला चर्च म्हणवत नाही) निर्वासितांच्या छोट्या छोट्या देणग्यांतून १९७३ मध्ये उभं राहिलं. वेदीखाली क्युबाच्या प्रांतांतली माती आहे. १९६१ मध्ये क्युबातून गुपचूप आणलेली कारिदादची, म्हणजे क्युबाची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या मेरीमातेची मूर्ती हातभर उंचीची, आणि तिच्यापुढे सूर्यफुलांचा ढीग. नवस बोलायला, फेडायला माणसं येत-जात होती.

मूर्तीसमोर एक तरुण फोन उंच धरून उभा होता. नुकताच आला असावा, कपडे अजून कोरे होते. पडद्यावर एक बाई दिसत होती, डोक्यावर पदरासारखा रुमाल घेतलेली. तो फोन हळूहळू फिरवून तिला फुलं दाखवत होता, मेणबत्त्या दाखवत होता. मध्येच चित्र थिजलं. तो हात तसाच धरून थांबला, तिचा आवाज परत येईपर्यंत.