बेडं वाजलं

दुपारचं जेवण झालं की कामाला बसायच्या आधी मी माउसची वायर लॅपटॉपमधून काढतो आणि परत लावतो. सात-आठ वेळा तरी. बायकोची खात्री आहे की माउस बिघडलाय. तो ठणठणीत आहे. समोरच्या काळ्या खिडकीत मी 'यूडेवएडीएम मॉनिटर', म्हणजे लॅपटॉपला काय जोडलं, काय काढलं ते सांगणारी आज्ञा, चालू करून ठेवलेली असते, आणि दर खेपेला तिथे ज्या ओळी सरसर उतरतात त्या मला बघायच्या असतात.

गंमत अशी की प्रत्येक बातमी दोनदा येते. आधी 'कर्नल', म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणून, मग काही मिलिसेकंदांनी तीच 'यूडेव' म्हणून. पहिली ओळ म्हणजे दारात कुणीतरी आलं. दुसरी म्हणजे आलेल्याचं जे करायचं ते करून झालं.

या मधल्या फटीत जो राबतो तो यूडेवडी, यूडेवचा प्रोग्राम. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यूडेव २००३ पासून आहे. मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत आत बसून असतो, कर्नलच्या हाकेकडे कान लावून. शेवटचा 'डी' हे या सगळ्या डीमन मंडळींचं, म्हणजे मागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रामांचं, आडनाव. लॅपटॉपचं झाकण मिटलं की जागा होणारा एसीपीआयडी यांच्याच भावकीतला. डीमन हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या लोकांनी घेतला तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या भुतावरून. ते भूत एका चिमुकल्या दाराशी बसतं आणि येणाऱ्या प्रत्येक रेणूला जोखून आत सोडतं. आमच्या कोकणात अशाला राखणदार म्हणतात आणि वर्षाचा नारळ देतात. यूडेवला कुणी काही देत नाही.

आमच्या घरी दाराशी कुणी बसत नसे. आत्या माजघरात असायची, हातात बहुधा विळी नाहीतर सूप. खळ्याच्या पलीकडे गडग्यात बांबूचं बेडं होतं, ते उघडताना करकरायचं. आम्हा पोरांना सगळ्या करकरी सारख्याच. आत्या मान वर न करता सांगायची, "पोस्टमन. पळ, सही मागेल." किंवा, "मुंबईचा दिसतोय कुणीतरी, बेडं उचलून उघडायचं असतं हे ठाऊक नाही त्याला. गूळपाणी ने रे." बेडं सावकाश, अर्धंच उघडलं की पायलीभर भात मागायला आलेलं कुणीतरी, मग ती स्वतः उठायची, आणि ते माप कुणाला दिसू द्यायची नाही.

यूडेवचंही सगळं असंच, नियमांवर. अमुक कंपनीचा, तमुक क्रमांकाचा पेनड्राइव्ह आला तर त्याला हे टोपणनाव, हे हक्क. कर्नल त्याला आज एसडीबी म्हणेल, उद्या एसडीसी. टोपणनाव मात्र तेच राहतं. नियमांच्या फायलींना आकडे असतात आणि मोठ्या आकड्याची फाइल मागून वाचली जाते, म्हणून ९९ वाली बहुधा आधीच्यांवर पाणी फिरवते. आमच्याकडची ९९ म्हणजे आजोबा. आत्याने चहा टाकलेला असायचा आणि ओटीवरून आवाज यायचा, "त्याला जेवूनच जाऊ दे."

मी एकदा स्वतः नियम लिहायला गेलो होतो. प्रिंटरसाठी. एक बरोबरचं चिन्ह जास्त पडलं की अर्थ फिरतो: एक म्हणजे 'कर', दोन म्हणजे 'आहे का बघ'. अख्खा रविवार गेला. प्रिंटर अजून रुसलेलाच आहे. असो.

जुन्या पद्धतीचे डीमन जन्माला कसे येतात ते मात्र मला उशिरा कळलं. एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, दुसरीला जन्म देते आणि स्वतः मुद्दाम संपून जाते. मागे राहिलेली पोरकी होते. मग पहिल्या क्रमांकाची प्रोसेस, जी सगळ्यांच्या आधी सुरू झालेली असते, ती तिला पदरात घेते. त्यानंतर कुठल्याही पडद्याशी तिचा संबंध नाही. आत्या लग्नानंतर दोन वर्षांतच परत आली होती. आजोबांनी एवढंच विचारलं म्हणे, ट्रंक कुठे ठेवायची. पुढची बेचाळीस वर्षं ती आमच्याकडे होती, आणि घरातल्या एकाही ग्रुप फोटोत नाही. फोटो काढताना कुणीतरी हमखास आलेलं असायचं, आणि ती आत.

ती गेली त्या दिवशी बेडं सकाळपासून करकरत होतं. ओटी माणसांनी भरली होती. दर वेळी आवाज झाला की आम्ही सगळे, आजोबासुद्धा, माजघराकडे बघत होतो.