माणशी साठ लिटर

आमच्या पाण्याच्या खोलीत, शहराच्या नळाचं पाणी आत शिरतं तिथे, भिंतीवर एक दाबमापक आहे. एरवी त्याचा काटा चौरस इंचाला पन्नास पौंडांच्या आसपास असतो आणि वहीत आकडा लिहिण्यापुरतंच त्याच्याकडे कुणी बघतं. १६ फेब्रुवारी २०२१, मंगळवार. पहाटे पाचला मी त्या खोलीत गेले तेव्हा काटा अडतीसवर होता. बाहेर उणे दहा अंश सेल्सियस. ह्यूस्टनमध्ये.

ज्यांनी ह्यूस्टन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इथली हवा मुंबईच्या वळणाची, दमट. फेब्रुवारीत कित्येक दिवस अर्ध्या बाह्यांवर निघतात. घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली, त्यामुळे पाण्याचे पाइप पोटमाळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले, त्यांच्यावर धड आवरणही नाही. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्यांचे ताफे इथे कुणी बाळगत नाही. त्या आठवड्यात ध्रुवाकडची थंड हवा थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरली आणि आमचे उड्डाणपूल काचेसारखे झाले. घर ते केंद्र हा माझा वीस मिनिटांचा रस्ता त्या पहाटे सव्वा तासाचा झाला होता.

मी एका डायलिसिस केंद्रात चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख नर्स, आहे. सोळा खुर्च्या. निम्मे रुग्ण सोमवार-बुधवार-शुक्रवार येतात, निम्मे मंगळवार-गुरुवार-शनिवार. या माणसांची मूत्रपिंडं काम करत नाहीत. आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास मशीनवर रक्त धुऊन घेतलं की ती चालती-बोलती राहतात. नाही घेतलं तर अंगात पाणी साठतं आणि रक्तात पोटॅशियम चढतं, आणि पोटॅशियम फार चढलं की हृदय एकाएकी थांबतं. तीन दिवसांचा खाडा कसाबसा निभतो. पुढचा प्रत्येक दिवस धोक्याचा.

वादळ येणार हे आम्हाला माहीत होतं. म्हणून सोमवारच्या लोकांना आम्ही रविवारीच बोलावून घेतलं होतं. बरेच आले, नऊ जण आले नाहीत. कुणाला गाडी मिळाली नाही, कुणाला वाटलं टेक्सासमध्ये बर्फ तो किती पडणार. सोमवारी केंद्र बंद ठेवावंच लागलं. म्हणजे त्या नऊ जणांचं शेवटचं डायलिसिस शुक्रवारचं होतं.

सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास आमच्या घरची वीज गेली. बातम्यांत सांगत होते, आळीपाळीने थोडा-थोडा वेळ जाईल. मी लातूरची आहे. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आई ते कापून फडताळाच्या दाराला चिकटवायची आणि त्यावर गिरणीची वेळ ठरायची. त्यामुळे आळीपाळी म्हटल्यावर मी निर्धास्त झोपले. पण इथे आळी संपली आणि पाळी आलीच नाही. वीज इतकी कमी पडली होती की तोडता येण्यासारखे सगळे फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडूनही भागेना, मग आलटून-पालटून द्यायला उरलं काय? दवाखाने आणि अग्निशमन केंद्रं ज्या फीडरवर होती तेवढे चालू राहिले. आमच्या केंद्रापासून जवळच एक मोठं रुग्णालय आहे, आमचा दिवा त्याच्या पुण्याईने लागत होता.

कारणं नंतर वाचली तेव्हा राग आला, आजही येतो. गॅसच्या विहिरींची तोंडं गोठली, वीजकेंद्रांतली यंत्रं गोठली, आणि गॅस पुढे ढकलणाऱ्या काही कॉम्प्रेसरचीच वीज तोडली गेल्याने गॅस आणखी आटला. टेक्सासचं वीजजाळं उरलेल्या अमेरिकेपासून जवळपास वेगळं आहे, त्यामुळे शेजाऱ्यांकडून फारसं उसनंही घेता येईना. सोमवारी पहाटे जाळ्यातल्या विजेची ६० हर्ट्झची वारंवारता ५९.३ पर्यंत घसरली होती. आणखी ४ मिनिटं ३७ सेकंद तशीच गेली असती तर सगळं जाळं कोसळलं असतं आणि ते पुन्हा उभं करायला कित्येक आठवडे लागले असते. पंचेचाळीस लाखांवर घरं अंधारात होती. आणि २०११ च्या फेब्रुवारीत थोड्या प्रमाणात हेच घडलेलं होतं. यंत्रांना थंडीपासून संरक्षण द्या, असं तेव्हाच्या चौकशी अहवालात लिहिलेलं होतं. सक्ती मात्र कुणी केली नव्हती.

तर मंगळवारची पहाट. सात जणांऐवजी आम्ही तिघं पोचलो होतो. मी, पाणी आणि मशीन बघणारा फिलिपिनो टेक्निशियन, आणि आमची सगळ्यांत ज्येष्ठ नर्स, केरळातल्या कोट्टायमची, तिला सगळे चेचीच म्हणतात, म्हणजे ताई. आईचा फोन आला. इथे पहाटेचे साडेपाच, लातुरात संध्याकाळचे पाच. घरात हीटर आहे का, पोरानं स्वेटर घातलाय का, यातलं काही तिने आधी विचारलं नाही. पहिला प्रश्न, “पाणी हाय का गं तुमच्याकडं?”

म्हटलं, आहे. काट्याचं सांगितलं नाही.

डायलिसिसला पाणी किती लागतं हे बाहेर फारसं माहीत नसतं. मशीनमधून रक्त धुणारा द्रव मिनिटाला सहाशे मिलिलिटर वाहतो. चार तासांचे झाले १४४ लिटर, तेही शुद्ध. ते तयार करताना आरओ जवळजवळ तेवढंच पाणी मोरीत सोडतो. म्हणजे एका माणसाच्या एका खेपेला नळाचं अडीचशे-तीनशे लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा मी सुट्टीवर आईकडे होते. घागरीच्या तळाशी उरलेलं पाणीसुद्धा भांड्यात काढून ठेवणाऱ्या बायका पाहून परत आले, आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या मोरीत वाहून जाणाऱ्या त्या पाण्याकडे मला बघवत नसे.

डॉक्टर फोनवर होते. त्यांच्या गल्लीतून गाडीच निघत नव्हती. ठरलं ते असं: सगळ्यांना दोनच तास, आणि द्रवाचा वेग पाचशेवर. म्हणजे माणशी साठ लिटर. दोन तासांत रक्त पुरतं स्वच्छ होत नाही, पण पोटॅशियम खाली येतं आणि पुढचे दोन दिवस निघतात. तिघांच्या हाताखाली एका वेळी बारा रुग्ण, त्याहून जास्त धरणं सुरक्षित नाही. येऊ शकतील असे सत्तावीस जण होते. म्हणजे बारा, बारा आणि तीन.

क्रम मी लावला. शुक्रवारनंतर डायलिसिस न झालेले सर्वांत आधी. मग शनिवारचे, त्यांतही ज्यांचं पोटॅशियम नेहमी वर असतं ते पुढे. रविवारी झालेले शेवटी. वहीच्या पाठीमागच्या पानावर पेन्सिलीने सत्तावीस नावं लिहिली, चेचीने ती वाचून दोन नावं वर-खाली केली. या क्रमाची जबाबदारी माझी होती, ती मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही.

दारात प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत होतो: श्वास कसा आहे, काय खाल्लं, घर कशाने गरम ठेवलंत. तिसरा प्रश्न चेचीने घालायला लावला. थंडीपायी लोक घरात कोळशाच्या शेगड्या पेटवत होते, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून आत बसत होते. त्या दिवसांत ह्यूस्टन परिसरात कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेले शेकडो लोक दवाखान्यांत गेले. यादीत नसलेला आमचा एक जण डोकं फार दुखतंय म्हणाला, रात्रभर गॅरेजमधल्या गाडीत झोपला होता. त्याला खुर्चीवर बसूच दिलं नाही, सरळ शेजारच्या रुग्णालयात धाडलं.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ऐकून पोटात गोळा येत होता. वीज नाही म्हणजे स्वयंपाक नाही. घरात जे होतं ते लोकांनी खाल्लं. डब्यातल्या शेंगा, बटाट्याचे वेफर्स, संत्र्याचा रस, केळी. पोटॅशियमने भरलेलं सगळं, एरवी आम्ही ज्याला हात लावू देत नाही ते. एकटे राहणारे एक आजोबा दोन दिवस नुसत्या संत्र्याच्या रसावर होते. खुर्चीपर्यंत चालताना त्यांचे पाय लटपटत होते, नाडी चव्वेचाळीस. शेजारच्या रुग्णालयात फोन केला तर त्यांच्या डायलिसिस मशीनपुढे आधीच रांग. डॉक्टर म्हणाले, त्यांना इथेच आणि आत्ताच लावा. सुई टोचताना चेचीचे ओठ हलत होते. चाळीस मिनिटांनी नाडी साठच्या पुढे गेली आणि आजोबांनी आणखी एक कांबळं मागितलं.

कांबळी कमीच होती. नळाचं पाणी इतकं गार होतं की मशीनला ते तापवून सदतीस अंशांपर्यंत न्यायला जमेना. दर थोड्या वेळाने कमी तापमानाचा अलार्म वाजायचा आणि द्रव आपोआप बाजूला वळायचा. वर आणखी एक: पाणी जितकं थंड तितकं ते आरओच्या पडद्यातून कमी झिरपतं. म्हणजे दाब कमी आणि उतारही कमी. दर फेरीआधी कार्बनच्या टाक्यांनंतरचं पाणी तपासावंच लागतं. शहराच्या पाण्यातलं क्लोरामाइन हे जंतुनाशक जरासं जरी पुढे गेलं तरी रुग्णाच्या रक्तपेशी फुटतात. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. कितीही घाई असो, ती पट्टी रंग दाखवेपर्यंत आम्ही एकाही मशीनला हात लावला नाही.

पहिले बारा नऊपर्यंत उतरले. दुसरे बारा पावणेदहाला चढले. दहाला काटा तिशीवर आला. गावभर पाइप फुटत होते, पाइप गोठू नये म्हणून लाखो घरांत नळ थेंब-थेंब सोडून ठेवलेले होते, आणि पंपांची वीज जात होती. अकराला काटा चोविसावर. टेक्निशियनने संडासाचे, हात धुण्याचे, सगळे नळ बंद केले. आरओ एकदा बंद पडला, त्याने तो पुन्हा चालू केला, तो परत बंद पडला. शेवटच्या चार जणांना दोन तासांऐवजी दीड तासावरच उतरवावं लागलं. रक्त मशीनमध्ये अडकून राहू नये म्हणून आम्ही तिघांनी धावपळ करून ते परत अंगात घातलं. कुणाचंही रक्त वाया गेलं नाही.

बाहेरच्या खोलीत तिघं उरले होते.

दोघं आमचेच, शनिवारी झालेले, लघवी थोडी अजून होणारे. त्यांना पोटॅशियम बांधून ठेवणारं औषध दिलं, दिवसाला दोन कपांच्या वर पाणी नको हे सांगितलं, खाण्याचा कागद दिला. तिसऱ्या होत्या साठीच्या एक बाई, निवृत्त शाळा-बसचालक. त्यांचं केंद्र वीज नसल्याने बंद, म्हणून त्यांना आमच्याकडे पाठवलेलं. त्या बर्फातून चाळीस मैल स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. त्यांचे कागद मागवायला त्यांच्या केंद्रात फोन उचलायला कुणी नव्हतं. माझ्या यादीत त्यांच्यापुढे एवढंच लिहिलेलं होतं: रविवारी झालं. म्हणून सत्ताविसावं नाव त्यांचं.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून सांगितलं की आज होणार नाही. त्या म्हणाल्या, “पण मला दम लागतोय.” श्वास मोजला, ऑक्सिजन पाहिला, पंच्याण्णव. पाय फारसे सुजलेले नव्हते. मी म्हटलं, “दम वाढला तर क्षणभरही थांबू नका, थेट इमर्जन्सीत जा.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग टोपी चढवली आणि गेल्या.

मी विचारलं नाही ते हे: रविवारी किती वेळ? रविवारी त्यांच्या केंद्रातही गर्दी होती आणि त्यांना दोनच तास मिळाले होते. हृदयही आधीपासून कमजोर होतं. दोन्ही गोष्टी त्यांना विचारल्या असत्या तर त्यांनी सांगितल्या असत्या. त्याच रात्री फुप्फुसांत पाणी भरून त्या रुग्णालयात दाखल झाल्या, तीन दिवस होत्या.

बुधवारी ह्यूस्टनमध्ये पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला, तो रविवारी उठला. त्या दिवसांत घरी आम्ही शेजाऱ्यांच्या तरणतलावातलं पाणी बादल्यांनी आणून संडासात ओतत होतो. पोराला वाटलं मी चिडेन, पण बादली न सांडता दोन हातांनी कशी धरायची हे मीच त्याला शिकवलं. पुढे राज्याच्या आरोग्य खात्याने वादळातले मृत्यू मोजले, २४६. बहुतेक थंडीने गेले. काही आधीच्या आजाराने, जो त्या दिवसांत बळावला. तो रकाना मी पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या सत्तावीस जणांपैकी त्यात कुणी नाही.

बाईंच्या केंद्रात पाइप फुटून छत खाली आलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत त्यांना आमच्याकडेच यावं लागणार होतं. पुढच्या सोमवारी त्या आल्या, सात नंबरच्या खुर्चीत बसल्या, बाही वर केली. मी सुया घेऊन गेले आणि आधी जे बोलायचं होतं ते बोलले: त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हात पुढे केला, नेहमीचे रुग्ण करतात तसा, दुसरीकडे बघत.

“आज किती?”

“चार तास,” मी म्हटलं. “पूर्ण.”