ठकीची पिल्लं आणि विहीणबाईंचा फोन

आमच्या ठकीला ऐन आषाढात चार पिल्लं झाली आणि आठवड्याच्या आत त्यातली दोन गेली. लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. तिने रडत रडत नवऱ्याला फोनवर सांगितलं, त्याने आईला सांगितलं, आणि पुण्याला बातमी पोचेपर्यंत तिचं "मांजरीला काहीतरी झालंय, पिल्लं पटापट मरतायत" असं रूप झालं. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. "ताई, राग मानू नका, पण ते मांजर आता घरातून काढाच. पोटातल्या बाळाला धोका असतो म्हणतात. आणि आता तर तिची स्वतःची पिल्लंही जगत नाहीयेत."

राग कसला मानायचा? त्यांचं पहिलं नातवंड, माझंही पहिलंच. पण "काही होत नाही हो" एवढ्यावर त्यांची बोळवण करणंही मला बरं वाटेना. काळजी खरी असेल तर उत्तरही नीट हवं. म्हणून गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, लेकीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, ह्यांच्या दम्याच्या डॉक्टरांनाही विचारलं. कोकणात घराघरांत मांजर असतं आणि घराघरांत हाच प्रश्न निघतो, म्हणून सगळं इथे लिहिते आहे.

आधी पिल्लांचं. ठकीने बाळंतपणासाठी जागा निवडली ती माळ्यावर, रिकाम्या पोत्यांत. चिपळूणचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, वारा फिरला की कौलांतून तुषार थेट माळ्यावर. मी खोक्यात जुनी नऊवारी घालून पिल्लं खाली आणली, तर तिने एकेक मानेला धरून पुन्हा वर नेली. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते काही खोटं नाही. या नेआणीत एक पिल्लू मागे राहिलं, पोत्याच्या ओल्या कडेला. सापडलं तेव्हा गार पडलं होतं. तोंड अर्धवट उघडं, हिरड्या गुलाबी नव्हे तर करड्या, आणि मधूनच एक कोरडा, आवाज न निघालेला 'म्याँव'. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर ६८ ग्रॅम. बाकीची तिघं ९५ ते १०५च्या दरम्यान होती. मांजराचं नवजात पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असावं लागतं, म्हणजे हे जन्मतःच मागे पडलेलं.

सासूबाई गाईचं दूध आणि कापसाचा बोळा घेऊन आल्या. त्यांचं सगळं आयुष्य गुरा-वासरांत गेलंय, त्यांच्या मायेत खोट नाही. पण डॉक्टर फोनवर पहिलंच वाक्य बोलले ते असं: "गार पिल्लाच्या तोंडात दुधाचा थेंबही घालू नका." पहिला आठवडाभर पिल्लाला अंगात ऊब धरता येत नाही, त्याला कुडकुडताही येत नाही. अंग गार पडलं की आतडी थांबतात, गिळणं मंदावतं, आणि मायेने पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध. ऊबही हळूहळू द्यायची. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे पिल्लाला नको झालं तर सरकता येतं. शेगडीजवळ ठेवणं, केस वाळवायचं यंत्र फिरवणं असले प्रकार करायचे नाहीत. लेकीला मी हात लावू दिला नाही. मीच ते पिल्लू पदराआड छातीशी धरून बसले. मध्यरात्रीनंतर अंग जरा कोमट झालं, साखरेच्या पाण्याचा थेंब हिरडीला लावला तर जीभ हलली. पहाटे गेलं.

ठकीने त्याला जवळ घेतलं नव्हतं. लेकीला त्याचं फार लागलं. "आई असून ढकलून कशी देते?" पोटात बाळ असलेल्या मुलीने हे विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, हे सोपं नसतं. मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. गार पडलेलं पिल्लू मांजरीला वेगळं जाणवतं, ते चोखत नाही, हाक देत नाही, आणि मांजर आपलं दूध जगणाऱ्या पिल्लांकडे वळवते. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. रात्रभर तिने माझा हात सोडला नाही.

दुसरं पिल्लू वेगळंच गेलं. काळं-पांढरं, चांगलं बाळसेदार, सगळ्यांत आधी सडाला चिकटणारं. डॉक्टरांनी रोज एकाच वेळी वजन करायला सांगितलं होतं. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवेत, आठवडा-दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. या पिल्लाचा काटा एका सकाळी पाच ग्रॅमने खाली आला. पाहायला ते ठणठणीत होतं! संध्याकाळी मलूल झालं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. डॉक्टरांनी पोटाखालचे केस बाजूला करून दाखवलं तर पिसवाच पिसवा. पावसाळ्यात पोत्यांत पिसवा असणारच. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या जिवात रक्त असून असतं किती, जेमतेम चमचा-दीड चमचा. मोठ्या मांजराला ज्या पिसवा नुसत्या खाजवायला लावतात, त्या पिल्लाचा जीव घेतात. आणि इतक्या लहान पिल्लावर पिसवांची पावडर किंवा औषध टाकता येत नाही, त्याने विषबाधा होते. त्याला वाचवता आलं नाही.

उरलेल्या दोघांसाठी सासूबाईंनी त्यांच्या ट्रंकेतून उवांची फणी काढली. कोमट पाण्यात कापड भिजवून पुसायचं, फणीने विंचरायचं, पिसू निघाली की साबणाच्या पाण्यात बुडवायची, लगेच कोरडं करून पिशवीजवळ ठेवायचं. पोती जाळली, माळा झाडून काढला, ठकीला दूध पाजणाऱ्या मांजरीला चालेल असं औषध डॉक्टरांनी मानेवर लावून दिलं. दोघंही तगली. आता डोळे उघडलेत, निळे आहेत.

डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट खोदून खोदून विचारली होती. ठकीला उलट्या, जुलाब, ताप काही होता का? गल्लीतली मांजरं अचानक मेली का? मांजरांचा पार्व्हो म्हणजे पॅनल्युकोपेनिया असेल तर पिल्लं अशीच जातात, आणि तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो. साध्या फिनेलने तो जात नाही, ब्लीच लागतं. आमच्याकडे तसं काही नव्हतं. पण मी मुद्दाम विचारलं, असतं तर लेकीला धोका होता का? ते म्हणाले, "नाही. हा आजार मांजरांचा, माणसाला लागत नाही." हेच मला विहीणबाईंना सांगायचं होतं. पिल्लं गेली ती गारठ्याने आणि पिसवांनी. त्यांच्या जाण्याचा बाळाशी संबंध नाही. ना रोग म्हणून, ना अपशकुन म्हणून. (अपशकुनाचं त्या बोलल्या नव्हत्या, पण शेजारच्या काकू बोलून गेल्या होत्या, तेही लेकीसमोर. मी त्यांना तिथेच थांबवलं.)

पण मांजर आणि गरोदरपण यात खरा धोका काहीच नाही, असंही नाही. त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. हा एकपेशीय परजीवी आहे आणि त्याचा पूर्ण संसार फक्त मांजराच्या जातीच्या आतड्यात होतो. बाईला गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर तो वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. म्हणजे विहीणबाई काही उगाच बोलत नव्हत्या.

आता पुढचं, जे सहसा कुणी सांगत नाही. मांजराला हा परजीवी उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन लागतो. त्यानंतर ते विष्ठेतून त्याची अंडी टाकतं, पण बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे. ती विष्ठाही ताजी असताना बाधत नाही, अंडी तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ती रोजच्या रोज काढून टाकायची, आणि ते काम गरोदर बाईने करायचं नाही. मांजराला कुरवाळल्याने, ते मांडीवर बसल्याने ही लागण व्हायचा संभव फारच कमी. त्यापेक्षा कितीतरी जास्त वाटा न धुतलेल्या पालेभाजीचा, बागेतल्या मातीचा आणि अर्धकच्च्या मटणाचा. आमच्या लेकीला संध्याकाळी परसात जाऊन अळूची पानं खुडायची, मिरचीच्या रोपाला माती ओढायची भारी हौस. ते मी बंद केलं. अळू मी खुडते, मीच तीन पाण्यांनी धुते. मटण शिजलंय की नाही हे आता बोटाने दाबून ठरवत नाही, कुकरच्या शिट्ट्या वाढवल्यात.

लेकीचा रक्ताचा रिपोर्ट तिच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा काढून समजावला. टॉक्सोसाठी आयजीजी (जुन्या लागणीची खूण) पॉझिटिव्ह, आयजीएम (ताज्या लागणीची खूण) निगेटिव्ह. पॉझिटिव्ह शब्द वाचून जावई आधी हादरले होते. त्याचा अर्थ, लागण पूर्वी कधीतरी होऊन गेलेली आहे आणि शरीरात प्रतिकारशक्ती तयार आहे. कदाचित लहानपणी, कदाचित परसातल्या मातीतून, आता ते कळायला मार्ग नाही. म्हणजे तिच्यासाठी हा धोका जवळपास संपलेला. पण हे तिचं झालं. जिचा आयजीजीही निगेटिव्ह आहे, तिनेच खरी काळजी घ्यायची, कारण तिची पहिली लागण अजून व्हायची आहे. त्यामुळे माझं वाचून कुणी स्वतःचं ठरवू नका, आपला रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवा.

ह्यांच्या दम्याचा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. मांजराच्या केसांनी दमा होतो असं आपण म्हणतो, पण त्रास देतं ते मांजराच्या लाळेतलं आणि त्वचेच्या तेलातलं एक प्रथिन. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे कण हवेत तरंगत राहतात. मांजर आज घराबाहेर काढलं तरी ते गाद्या-पडद्यांत पुढे काही महिने राहतंच. आम्ही झोपण्याची खोली ठकीला पूर्ण बंद केली आहे. चादरी कढत पाण्यात, ह्यांच्या आरामखुर्चीवर तिला मज्जाव, आणि ह्यांचा पंप न चुकता दोन्ही वेळेला. अजून तरी त्रास वाढलेला नाही. वाढला तर ठकी गोठ्यात राहील, हे आमचं आधीच बोलून झालंय. माणसाचा श्वास आधी, यात मला दुमत नाही.

आणि बोचकारे. पहिलं पिल्लू उचलताना ठकीने माझ्या मनगटावर नख ओढलं, रक्त आलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतलं. पंधरा मिनिटं म्हणजे खरोखर पंधरा, घड्याळ लावून. ठकीला रेबीजची लस दिलेली आहे, तरी सरकारी दवाखान्यात जाऊन मी सुया घेतल्या. पहिली सुई ज्या दिवशी तो शून्य दिवस धरायचा, मग तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढच्या. दंडात, कातडीत देतात, पोटात नाही. मांजराच्या बोचकाऱ्याला कोण सुया घेतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. रेबीज झाल्यावर त्याला उपचार नाही, एवढं मला पुरे आहे.

हे सगळं मी विहीणबाईंना सावकाश फोनवर सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "गरोदरपणाचं पटलं. पण बाळ आल्यावर पाळण्यात शिरलं तर?" आणि इथे त्यांचंच बरोबर आहे. मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं वगैरे कहाण्या सोडून द्या, पण मांजर ऊब शोधतं, आणि ज्या बाळाला मानही वळवता येत नाही त्याच्या तोंडाशी ते झोपलं तर बाळ गुदमरू शकतं. म्हणून बाळंतिणीच्या खोलीला जाळीचं दार बसवायला सुताराला सांगितलंय, पाळण्यावर मच्छरदाणी राहील, आणि बाळाजवळ मोठं माणूस नसताना ठकी त्या खोलीत येणार नाही. विहीणबाई बारशाला येतील तेव्हा जाळी स्वतः बघून घेणार आहेत. जरूर बघाव्यात.

राहिली ठकीची शस्त्रक्रिया. मांजर पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, आणि पुढच्या पावसात हे सगळं परत मला नको आहे. पिल्लं आठ आठवड्यांची होऊन दूध सुटलं की करता येईल म्हणतात. आमचे डॉक्टर गुरांचे, मांजराची ही शस्त्रक्रिया ते करत नाहीत. चिपळूण, खेड, गुहागर या भागात कुणी करत असतील तर मला जरूर कळवा. दोन पिल्लांपैकी एक शेजारच्या गावी द्यायचं ठरलंय, दुसऱ्यासाठी घर शोधते आहे. बोका आहे, करड्या पट्ट्यांचा, पिसवा नाहीत.