माणूस वाळतो

"पुलाला छप्पर कशाला रे?" आईने विचारलं. मी गाडी चालवता चालवता ठोकून दिलं, "लोक पावसात भिजू नयेत म्हणून असेल."

कॉर्निश-विंडसरचा लाकडी पूल. कनेक्टिकट नदीवर, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटच्या मधे. 1866 चा. तोंडावर अजून पाटी आहे : घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. (आम्ही होंडा चालवत नेली. दंड नाही.)

आत एकदम अंधार. दोन्ही बाजूंना जाड वाशांची तिरकी जाळी, फटींतून उन्हाच्या पट्ट्या आईच्या मांडीवर सरकत होत्या. काच खाली करून ती वर बघत बसली. पलीकडे निघालो तेव्हा म्हणाली,

"माणसं भिजली तर वाळतात. लाकूड कुजतं. आपण मातीच्या भिंतींना पावसाळ्यात झावळ्यांच्या झडी बांधायचो, तसंच हे."

घरी येऊन वाचलं. अगदी तेच कारण!

नऊ वर्षं या भागात राहतोय. असे पूल दाखवायला दर पाहुण्याला नेतो, फोटो काढतो. छप्पर कशासाठी, हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि आई अमेरिकेत येऊन जेमतेम अकरा दिवस झालेत.

रात्रभर ती गावच्या साकवाबद्दल बोलत होती. दर पावसाळ्यात वाहून जायचा म्हणे.

तुमच्याकडे अजून कुणी झडी बांधतं का?